झाड, सरडा आणि साष्टी बेट

ठाण्यात राहणाऱ्या माणसाला आपण बेटावर राहतो हे सहसा आठवत नाही. पूर्वेला ठाण्याची खाडी, उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला अरबी समुद्र. यांच्या मधला भूभाग म्हणजे साष्टी. १५३४ मध्ये हे बेट पोर्तुगिजांकडे गेले, १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे जिंकले, १७७४ मध्ये इंग्रजांनी इथला किल्ला घेतला. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून सुटलेली पहिली आगगाडी ठाण्याला येऊन थांबली ती या बेटाच्या काठाशीच. खाडीवर पूल होऊन रूळ कल्याणला पोचायला पुढचे वर्ष उजाडले. आज लोकलने कळव्याकडे जाताना आपण बेट सोडून मुख्य भूमीवर चाललो आहोत, असे गर्दीत उभ्या असलेल्या कुणाच्या मनातही येत नाही.

हे पुस्तक झाडांवर राहणाऱ्या सरड्यांचे आहे, तरी या प्रस्तावनेची सुरुवात बेटापासून केली. झाडावरचे सरडे आणि उष्ण प्रदेशातली बेटे यांचे नाते जगभर फार जुने आहे. शॅमेलिऑनच्या साऱ्या जगातल्या जातींपैकी जवळपास निम्म्या एकट्या मादागास्करवर आहेत. आपल्या अंदमानात हिरवीगार, अंगावर लाल ठिपके असलेली एक पाल भर दिवसा नारळी-केळीवर फिरते. तिचे जवळचे नातलग मादागास्कर आणि मॉरिशसकडे. फिजी बेटांवरच्या इग्वानांचे पूर्वज तर उत्तर अमेरिकेतून सुमारे ८००० किलोमीटर समुद्र ओलांडून आले असावेत, असे २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातून पुढे आले. असा प्रवास कसा घडतो हे माणसांनी एकदा प्रत्यक्ष पाहिलेही आहे. १९९५ च्या सप्टेंबरात कॅरिबियन समुद्रात लुईस आणि मॅरिलिन ही दोन चक्रीवादळे पाठोपाठ आली. त्यानंतर ऑक्टोबरच्या सुरुवातीला अँग्विला बेटाच्या किनाऱ्याला उन्मळलेल्या झाडांचे आणि ओंडक्यांचे मोठे तराफे लागले आणि त्यांवर किमान पंधरा हिरवे इग्वाना होते. त्या बेटावर ही जात त्याआधी नव्हती. झाडावर राहणाऱ्या प्राण्याचे झाडच वाहून गेले, आणि तो झाडासकट नव्या बेटावर उतरला.

कॅरिबियन बेटांवरचे अ‍ॅनोल सरडे हा तर प्राणिशास्त्राचा एक मोठा धडाच आहे. त्यांच्या सुमारे चारशे जाती आहेत. क्युबा, हिस्पॅनिओला, जमैका आणि प्वेर्तो रिको या चार मोठ्या बेटांवर त्यांनी एकच झाड आपापसांत कसे वाटून घेतले, हे जोनाथन लोसोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे अभ्यासले. बुंध्याच्या तळाशी राहणारा सरडा लांब पायांचा, पळणारा. शेंड्याकडे राहणारा हिरवा, बोटांना मोठ्या चिकट गाद्या असलेला. बारीक डहाळीवरचा सडपातळ, आखूड पायांचा, संथ. प्रत्येक बेटावर ही शरीरे स्वतंत्रपणे घडली. म्हणजे सरड्याचा बांधा ठरवणारी गोष्ट झाडाची जात नसते, झाडावरची जागा असते. हा मुद्दा वाचकाने मनाशी धरून ठेवावा, कारण आपल्याकडे तो अजून उतरलेला नाही.

साष्टीच्या पोटात संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे, सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे. त्याची ठाण्याकडची बाजू म्हणजे येऊर. या जंगलात एक छोटा तपकिरी सरडा राहतो. थुथनीपासून शेपटीच्या मुळापर्यंत सहा-सात सेंटिमीटर आणि पुढे त्याच्या दुपटीहून लांब शेपूट. माणसाच्या कमरेच्या-छातीच्या उंचीवर, सावलीतल्या बुंध्यावर किंवा झुडपाच्या फांदीवर तो बसतो. डोळ्याभोवती गडद रेषा किरणांसारख्या फुटलेल्या असतात, मानेवर बारीक काट्यांची रांग असते. विणीच्या दिवसांत नराच्या अंगावर काळा आणि विटकरी रंग चढतो आणि एरवी सालीत विरघळून गेलेला हा प्राणी लांबून दिसू लागतो. १८३७ मध्ये द्युमेरिल आणि बिब्राँ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी त्याचे वर्णन करून त्याला पॉलिदोर रू याचे नाव दिले. रू हा मार्सेयच्या संग्रहालयाचा अभिरक्षक, उत्तम चित्रकार. इजिप्त आणि हिंदुस्थानच्या प्रवासाला निघालेला हा माणूस १८३३ मध्ये मुंबईत वारला, तेव्हा त्याचे वय चाळिशीच्या आसपास होते. त्याच्या नावाचा सरडा त्याच्या मृत्यूच्या गावापासून तासाभराच्या वाटेवर अजून नांदतो, ही गोष्ट मला फार हृद्य वाटते. पुढे सुमारे एकशे ऐंशी वर्षे या सरड्याची गणना बागेतल्या नेहमीच्या सरड्यांच्याच प्रजातीत होत राहिली. २०१८ मध्ये शौनक पाल आणि सहकाऱ्यांनी पश्चिम घाटातल्या सरड्यांची नव्याने मांडणी केली, तेव्हा त्याला मोनिलेसॉरस ही वेगळी प्रजाती मिळाली.

हा सरडा केवळ साष्टीचा नाही. सह्याद्रीच्या उतारांवर, गोव्यात, कर्नाटकातही तो आहे. शेवटच्या हिमयुगात समुद्राची पातळी आजच्याहून शंभर मीटरपेक्षा जास्त खाली होती, तेव्हा साष्टी बेट नव्हतीच. खाडीच्या जागी दरी आणि दरीतून जंगल असणार. त्यामुळे मादागास्करसारखे इथे वेगळे सरडे घडले नाहीत. पण बेटपणा दोन तऱ्हांचा असतो. रॉबर्ट मॅकआर्थर आणि ई. ओ. विल्सन यांनी १९६७ मध्ये बेटांवरच्या जीवसृष्टीचा सिद्धान्त पुस्तकरूपाने मांडला. बेट जितके लहान आणि दुसऱ्या भूमीपासून जितके दूर, तितक्या तिथे जाती कमी टिकतात, हा त्याचा गाभा. तोच हिशेब पाण्याने वेढलेल्या जमिनीइतकाच वस्तीने वेढलेल्या जंगलाला लागू पडतो, हे नंतरच्या अभ्यासकांनी ओळखले. येऊरच्या पायथ्याला वर्तकनगर, घोडबंदर रस्त्यावरची संकुले, पलीकडे मुलुंड-भांडुप. उत्तरेला वसईची खाडी ओलांडली की तुंगारेश्वर, पूर्वेला ठाण्याची खाडी ओलांडली की पारसिकचा डोंगर. बिबट्या रात्रीतून रस्ता ओलांडू शकतो, त्याच्यासाठी मार्ग ठेवण्याची चर्चा तरी होते. सात सेंटिमीटरच्या सावलीप्रिय सरड्याला चौपदरी रस्ता ओलांडता येत नाही. त्याला सलग झुडुपे लागतात.

आता आपल्या नेहमीच्या सरड्याकडे वळू. ठाणे, डोंबिवली, कल्याण, टिटवाळा, कुठेही थोडी झाडी असेल तिथे तो असतो, आणि म्हणूनच त्याच्याकडे कुणी पाहत नाही. फ्रान्समधल्या दोदँ याने १८०२ मध्ये पाँडिचेरीच्या नमुन्यावरून त्याला शास्त्रीय नाव दिले. इराणपासून आग्नेय आशियापर्यंत पसरलेली ही एकच जात आहे असे दोनशे वर्षे मानले गेले. गौरांग गोवंडे आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये दक्षिण आशियातल्या सरड्यांचे जनुकीय विश्लेषण प्रसिद्ध केले, तेव्हा या एका नावाखाली निदान चार जाती असल्याचे दिसले. रोज पायाखाली येणाऱ्या प्राण्याबद्दल एवढी मोठी गोष्ट कळायला एकविसावे शतक यावे लागले!

त्याला बघायचे कसे, हे पुढच्या पानांत सविस्तर आहे. मी दोनच गोष्टी सांगतो. आंब्याच्या किंवा गुलमोहराच्या बुंध्यावर सकाळी नऊच्या सुमारास तो ऊन खात बसलेला असतो. तुम्ही एक पाऊल उजवीकडे सरकलात की तो बुंध्याच्या डावीकडे सरकतो, अंग सालीला चिकटलेले, फक्त एक डोळा आणि कपाळाची कड तुमच्याकडे. आणखी सरकलात की तोही आणखी सरकतो. तुमच्या आणि त्याच्या मध्ये सतत खोड राहील, एवढाच त्याचा हिशेब. दोन माणसे दोन बाजूंनी गेली की हा हिशेब चुकतो आणि तो सहसा सरळ वर पळतो. दुसरी गोष्ट रात्रीची. सोसायटीच्या बागेत जास्वंदीच्या किंवा तगरीच्या अगदी टोकाच्या डहाळीवर विजेरीचा झोत टाका. दिवसभर तपकिरी दिसणारा सरडा तिथे फिकट, जवळजवळ पांढुरका होऊन झोपलेला सापडतो; पाय डहाळीला मिठी मारलेले, शेपूट खाली सोडलेली. जाड फांदीवर तो सहसा झोपत नाही. बारीक टोकावर मांजऱ्या साप किंवा मांजर आले तर डहाळी हलते आणि त्याला जाग येते. बघून झाले की विजेरी बंद करा आणि त्याला झोपू द्या.

नराचा लाल गळा पाहून तो रक्त शोषतो असे अजूनही सांगितले जाते आणि त्यापायी दगड मारले जातात. तो रक्त शोषत नाही. उन्हाळ्याच्या अखेरीपासून पावसाळाभर चालणाऱ्या विणीच्या हंगामात डोके आणि गळा लाल होतो, गळ्याच्या बाजूला काळा डाग उमटतो, आणि तो पुढच्या पायांवर अंग वर-खाली करत दुसऱ्या नरांना आपली हद्द सांगतो. मादीला अंडी घालायला खाली जमिनीवर यावेच लागते. झाडावर राहणाऱ्या या प्राण्याच्या आयुष्यातला हा सर्वांत धोक्याचा तास. ओलसर, भुसभुशीत माती शोधून ती पुढच्या पायांनी खड्डा उकरते, दहा-वीस अंडी घालते, माती पुन्हा लोटते आणि थुथनीने दाबून जागा सारखी करते. सहा-सात आठवड्यांनी पिल्ले बाहेर येतात, तोवर अंडी त्या मातीच्या भरवशावर.

पेव्हर ब्लॉक लावलेल्या आवारात ती हे कुठे करणार? ठाण्यात आणि डोंबिवलीत बुंध्याला टेकेपर्यंत काँक्रीट ओतलेली झाडे हवी तेवढी दाखवता येतील. झाड उभे आहे, हिरवे आहे, त्याच्यावर महापालिकेचा क्रमांकही रंगवलेला आहे. पण त्याच्या पायाशी तळहाताएवढी माती नाही. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम १९७५ चा. त्यानुसार दर पाच वर्षांनी वृक्षगणना व्हायची असते, आणि हा कायदा नसता तर आपल्या शहरांत आज आहेत तेवढीही झाडे उरली नसती, हे मी मनापासून मानतो. तरी गणनेत खोडे मोजली जातात. कुंपणाची निर्गुडी, शेर, मोगली एरंड, झाडाखालचा पाचोळा, बुंध्याभोवतीची माती यांचा कुठे हिशेब नाही. एक जुने झाड तोडून त्याबदली दूर कुठे पाच रोपे लावली की कागदावर झाडे वाढतात. रोपाला खरखरीत साल यायला आणि खाली झुडूप दाटायला मात्र बरीच वर्षे जातात. झाड वाचवणे आणि झाडावरचे जीवन वाचवणे ही दोन वेगळी कामे आहेत. दुसऱ्या कामाला आपल्याकडे अजून सुरुवात व्हायची आहे, असे माझे स्पष्ट मत आहे आणि हे पुस्तक मला महत्त्वाचे वाटते ते त्यासाठीच.

सरड्याची धाव कुंपणापर्यंत असे आपण म्हणतो. ते निरीक्षण अगदी अचूक आहे. ज्या कुंपणाकडे तो धाव घेई ते कुंपण जिवंत होते. नौपाड्यातल्या जुन्या बंगल्यांना, डोंबिवलीतल्या चाळींच्या मागच्या परसांना, कल्याणच्या वाड्यांना झुडपांची वई होती. एका आवारातून दुसऱ्यात जायला सरड्याला जमिनीवर उतरावे लागत नसे. त्या जागी आता गुळगुळीत गिलाव्याच्या आणि टाइल्सच्या भिंती आहेत. प्वेर्तो रिकोच्या शहरांत राहणाऱ्या अ‍ॅनोलांचे पाय लांब झाले आहेत आणि बोटांखालच्या गाद्यांवरचे पापुद्रे वाढले आहेत, असे क्रिस्टिन विंचेल आणि सहकाऱ्यांना २०१६ च्या अभ्यासात आढळले. शहराच्या भिंतींशी ते जुळवून घेत आहेत. आपल्या सरड्याला गाद्याच नाहीत, नुसत्या नख्या आहेत. नखी रुतेल असा खडबडीतपणा नसेल तर तो चढू शकत नाही. पाल घरात आली, सरडा बाहेर राहिला, त्याचे कारण बोटांत आहे.

कल्याण-डोंबिवलीची गोष्ट थोडी निराळी. इथे खाडीकाठ, माळ आणि टेकड्या आहेत: उंबार्ली, भोपर, पुढे मलंगगडाचा पायथा. उंबार्लीच्या टेकडीवर डोंबिवलीकरांनी हौसेने आणि कष्टाने झाडे लावली, उन्हाळ्यात पाणी वाहून नेले, आणि वणव्यांनी त्यांतली कितीतरी होरपळली. गवत पेटले की आधी मरतो तो झुडपातला आणि पाचोळ्यातला जीव: सापसुरळी, सरड्याची पिल्ले. जाळपट्टे काढण्याचे आणि वणवा विझवण्याचे काम करणाऱ्या माणसांना आपण या प्राण्यांच्या वतीने मोठे देणे लागतो.

बागेतल्या नेहमीच्या सरड्याच्या गोतावळ्यातल्या एकाची दुसरी बाजूही वाचकाला माहीत असावी. १८६५ च्या सुमारास जावाहून उसाच्या कांड्यांबरोबर तो हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर पोचला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी तिथून मॉरिशसवर. मॉरिशस आपल्याला परके नाही. कोकणातून गेलेली मराठी माणसे तिथे एकोणिसाव्या शतकापासून राहतात. तिथल्या झाडांवर हिरव्या दिवाचर पाली लाखो वर्षांपासून आहेत, आणि त्यांच्यात हा बाहेरचा सरडा आता घट्ट रुजला आहे. इथे जो आपला, तो तिथे घुसखोर. प्राणी चांगला की वाईट हे तो कुठे आहे यावर ठरते.

म्हणून पाळीव इग्वानाबद्दल इथे बोलणे भाग आहे. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला आणि कॅरिबियन बेटांवरचा हा झाडावरचा सरडा मुंबई-ठाण्याच्या घरांत आता नवा राहिलेला नाही. दुकानात तो वीतभर, पोपटी आणि गोजिरवाणा दिसतो. वाढून दीड मीटरच्या पुढे जातो. मग तो फ्लॅटमध्ये मावत नाही आणि कुणीतरी त्याला येऊरच्या वाटेवर किंवा तलावाकाठी सोडून येते. फ्लोरिडा, प्वेर्तो रिको, तैवान इथे अशाच सुटलेल्या इग्वानांनी जम बसवला आहे. पानाफुलांवर जगणाऱ्या प्राण्याला ठाण्याच्या हवेत अडचण ती काय? वन्यजीव संरक्षण कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आहे आणि आंतरराष्ट्रीय कराराखाली येणाऱ्या अशा परदेशी प्राण्यांची नोंद करणे आता बंधनकारक आहे. त्याचे नियम फेब्रुवारी २०२४ मध्ये निघाले. ज्यांच्याकडे इग्वाना आहे त्यांनी नोंद करावी, सांभाळावा, आणि झेपत नसेल तर वन विभागाला कळवावे. जंगलात सोडणे ही त्याच्यावर दया नव्हे आणि जंगलावर तर मुळीच नव्हे.

मराठीत या विषयावर सहज हाती पडावे असे लेखन थोडे. माल्कम स्मिथ यांचा सरड्यांवरचा खंड १९३५ चा आणि जे. सी. डॅनियल यांचे भारतीय सरपटणाऱ्या प्राण्यांवरचे पुस्तक बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९८३ मध्ये काढले, दोन्ही इंग्रजीत. आपल्या गल्लीतल्या प्राण्याविषयी आपल्या भाषेत वाचायला मिळणे हा शाळकरी मुलाचा हक्क आहे. या पुस्तकातली चित्रे घेऊन मुलाने खाली बागेत जावे, बुंध्याभोवती एक फेरी मारावी, खालच्या झुडपात काय आहे, सालीच्या फटीत काय आहे, पाचोळ्यात काय सरसरले हे पाहावे. एकाच झाडावर किती उंचीवर कोण बसते याची वहीत नोंद करावी, तारीख आणि ठिकाण घालावे. पकडू नये, दोऱ्याचा किंवा गवताच्या काडीचा फास तर कधीच घालू नये.

मोठ्यांकडे एकच मागणे. दिल्लीतल्या झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिला होता. तसा आदेश आपल्या आवारात येईपर्यंत थांबायचे कारण नाही. सोसायटीच्या येत्या सभेत हा विषय घ्या: प्रत्येक झाडाभोवती एक मीटर माती मोकळी, तिच्यावर पडलेला पाचोळा तसाच, आणि कुंपणाच्या एका बाजूला तरी भिंतीलगत निर्गुडी. पावसाळ्यापूर्वी हे झाले, तर त्याच वर्षी मादी तिथे उतरून अंडी घालू शकेल.